राहिलेली टोपी

सासरा रुसला तर जावयानं काय करावं, हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नाही. धाराशिवच्या शिवानंदला म्हणूनच दोन वर्षं काही सुचलं नव्हतं. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीत आल्यागेल्या सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळाली. नेमक्या सासऱ्यांच्या, म्हणजे मुरुम गावच्या वीरभद्रप्पांच्या पाळीला टोप्या संपल्या. अप्पा नुसता टॉवेल घेतील? छे! भरल्या ताटावरून उठून त्यांनी मुरुम गाठलं. तेव्हापासून बायकोचं, भुवनेश्वरीचं माहेर तुटलं आणि शिवानंदला घरात धड चहा मिळेनासा झाला.

शेवटी एकदाचं अप्पांनी 'येतो' म्हणून कळवलं.

"स्टँडवर वेळेत जावा," भुवनेश्वरीनं बजावलं. "आज काय उणं पडलं, तर मीच बॅग भरते. वाटेत कुठं रेंगाळू नका."

शिवानंद रेंगाळला नाही. फक्त गुलाबजाम घ्यायला थांबला, कारण अप्पांचा जीव गुलाबजामात. स्कुटी शेजारच्या गल्लीत लावली. हलवायाकडं ही गर्दी! डबा घेऊन परत येतो तर गल्लीत मांडव उभा, खाली बायका बसलेल्या, आणि मांडवाचा कोपऱ्यातला खांब त्याच्या स्कुटीला आवळून बांधलेला!

"अरे, ही काय पद्धत झाली?"

"काका, रस्ता सिमेंटचा. खड्डा कुठं खांदू?" मांडववाला शंभू शांतपणे म्हणाला. "तुमची गाडी लई कामाला आली बघा."

"सोड ती दोरी!"

"सोडतो की. पण मांडव येईल खाली. कोण कोण बसलंय ते बघा आधी."

नव्या कापड दुकानाचा मालक बलभीम, त्याची आई, मावशी आणि आख्खी भावकी तिथं होती. बलभीम घामाघूम होऊन फोनला चिकटला होता. फीत कापणारे पुढारी अजून तासभर लांबच्या वाशी गावातच चहा घेत होते आणि इकडं मुहूर्त टळायला आला होता.

"दादा, माझी गाडी..."

"पाहुणे येऊ द्या, लगेच सोडतो. तवर बसा, पोहे खावा."

समोर आलेली प्लेट नाकारायची हिंमत आपल्याकडं कुणात आहे? शिवानंदनं दोन घास घेतले तोच भुवनेश्वरीचा फोन.

"अप्पा उतरलेत. तुम्ही स्टँडवर न्हाय म्हणून चालत निघालेत!"

"रागात?"

"मग काय हसत?"

प्लेट खाली ठेवून तो उठला. गल्लीच्या तोंडाशी पाहतो तर पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला टॉवेल, बगलेत छत्री. अप्पाच! आता संपलं सगळं.

तो धावणार, एवढ्यात बलभीमची नजरही तिकडंच गेली. काय ते भस्म, काय तो रुबाब! मुहूर्ताला एवढा माणूस पुष्कळ झाला. "आजोबा, तुमच्याच हातानं होऊ द्या!" म्हणत त्यानं बँडवाल्यांना खूण केली.

बँड वाजला. पुढाऱ्यासाठी आणलेला फेटा अप्पांच्या डोक्यावर चढला, हार गळ्यात पडला, शाल आली, नारळ आला. अप्पांनी फीत अशी कापली, जणू मुरुमात त्यांना रोज हेच काम. मग त्यांना जावई दिसला. हातात गुलाबजामचा डबा, डोळ्यांत पाणी. ते पाणी भीतीचं होतं, पण अप्पांना कसं कळणार?

"अस्सं! म्हणून स्टँडवर आला न्हाईत व्हय?" अप्पांनी डोक्यावरचा फेटा चाचपला. "जावईबापू, एका टोपीसाठी एवढं करायचं असतंय का?"

"मामा, ते... म्हंजे..." शिवानंदनं शंभूकडं पाहिलं, बलभीमकडं पाहिलं, आणि वाकून सासऱ्यांच्या पाया पडला. खरं बोलायची ही वेळ नव्हती. मांडव स्कुटीवर उभा होता आणि संसार मांडवावर.

दोघं चालतच घरी निघाले. अप्पांनी फेटा उतरवला नाही. वाटेतच मुरुमला फोन लावून त्यांनी बँडपेक्षा मोठ्या आवाजात सगळं सांगितलं.

"आमचा धाकटा भाऊ महांतप्पा लई हळहळला ऐकून," फोन खिशात टाकत ते म्हणाले. "त्याला बी त्या दिवशी टोपी मिळाली न्हवती. पुढच्या आयतवारी घेऊनच येतो त्याला."

"या की मामा," शिवानंद म्हणाला. मग "किल्ली राहिली वाटतं" असं पुटपुटत तो माघारी पळाला आणि धापा टाकत शंभूसमोर उभा राहिला.

"आयतवारी मोकळा हाईस का रे? खांबाला गाडी माझीच घे."