चातुर्मासातला जवळा

कुशाबाच्या दुकानातली पेंड खाऊन गुणाजीच्या बारा म्हशी एकाएकी शेर-शेर दूध जास्त देऊ लागल्या आणि तिथूनच कुशाबाचे ग्रह फिरले.

लालबागेत कुशाबाचे पेंड-सरकीचे दुकान होते. गडी माझगावच्या कोळीवाड्यातला. पण होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचे. बापाच्या माघारी होडी विकून त्याने दुकान टाकले, तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याने नावे ठेवली. दुकान बुडाले तर परत कोणत्या तोंडाने जायचे, हा घोर त्याला कायम लागलेला असे.

समुद्र सुटला तरी जवळा सुटला नव्हता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोळ्याच्या घरात मासळी म्हणजे उन्हाळ्यात वाळवलेला सुका जवळाच, नखाएवढी कोलंबी. कुशाबाच्या बायकोने, अंबिकेने, तो तीन गोण्या भरून दुकानाच्या माळ्यावर ठेवला होता. गोण्या अर्थातच पेंडीच्या. आषाढी एकादशीच्या पहाटे अंधारातच कुशाबाने घाईघाईत त्यातलीच एक उपसली, पेंडीच्या भरड्यात कालवली आणि परळला गुणाजीच्या गोठ्यात धाडून दिली. दुसऱ्या कोणी ती वासानेच ओळखली असती. पण जो त्या वासातच जन्मला, त्याच्या नाकाला तो कसला जाणवणार! आणि गोठ्यात शेणापुढे दुसऱ्या वासाला कोण विचारतो?

चार दिवसांनी गुणाजी स्वतः हजर झाला.

"कुशाबा, ही खंयची पेंड दिलंस रे? म्हशी गोणी चाटतत!"

"नेहमीचीच हाय की."

"नेहमीची घालून बघितलंय. पाठ करून उभ्या रवतत. माका तीच होयी."

कुशाबा बुचकळ्यात पडला. संध्याकाळी अंबिका माळ्यावर चढली आणि तिथूनच ओरडली, "अवो, माझा गोणीभर जवळा कुठं गेला?"

कुशाबाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अगो, पेंडीच्या गोणीत कशाला ठेवलास?"

"मंग काय पैठणीत ठेवू?"

गिऱ्हाईक मोडवत नव्हते, म्हशी ऐकत नव्हत्या. कुशाबा बायकोची नजर चुकवून रोज दोन-दोन पायल्या जवळा पेंडीत मिसळू लागला. परळचे इतर गोठेवालेही 'गुणाजीवाली' पेंड मागू लागले. समोरचा दुकानदार रामू माश्या मारत बसला आणि एक दिवस त्याने तक्रार ठोकली की, कुशाबा पेंडीत काहीतरी औषध घालतो.

नेमका त्याच महिन्यात जनावरांच्या खाद्याविषयी सरकारचा नवा नियम निघाला होता. गोणीत काय काय आहे ते गोणीवर लिहायचे. न लिहिलेले काही निघाले, तर दुकानाला कायमचे टाळे आणि माल समुद्रात. समुद्रात म्हणजे जवळा माहेरीच जाणार होता. मरण होते ते कुशाबाचे.

तपासायला आले दामोदरपंत गोगटे. राहणार गिरगाव, डोक्यावर पगडी, खिशात भिंग. तपकिरीने नाक केव्हाच कामातून गेलेले, त्यामुळे सारी भिस्त भिंगावर. त्यांनी चिमूटभर पेंड तळहातावर घेतली आणि बराच वेळ न्याहाळली.

"कुशाबा, पेंडीला डोळे असतात?"

"न्हाय, रावसाहेब."

"मग ही माझ्याकडे बघतेय ती कोण?"

कुशाबाने सरळ त्यांचे पाय धरले आणि झाली चूक घडाघडा सांगून टाकली. गोगट्यांनी शिवशिव म्हणत तळहात झटकला. त्यांना नोकरीत इतका धडधडीत गुन्हा प्रथमच सापडला होता. त्यांनी मोठ्या उत्साहाने छापील कागद काढला. कागदावर शेवटचा रकाना होता: ही पेंड खाणाऱ्या जनावरांचे दूध कोणाकडे जाते? त्या प्रत्येक घराला लेखी कळवायचे होते.

तेवढ्यात गुणाजी पेंड न्यायला आला. गोगट्यांनी त्यालाच धरले.

"तुझं दूध कुठं जातं?"

"गिरगावात, सायबानू. सगळी बामणाची घरा."

"नावं सांग."

गुणाजी बोटांची पेरे मोजू लागला. "फणसवाडीतले जोशी, मुगभाटातले केळकर, आणि झावबाच्या वाडीतली ती म्हातारी. चातुर्मासभर नुसत्या दुधावर आसा बिचारी. काय ता आडनाव... गोगटे!"

गोगट्यांचा टाक कागदावर टेकला तो तिथेच राहिला. शाईचा मोठा डाग पसरू लागला.

"कधीपासून?" त्यांनी कसेबसे विचारले.

"आषाढी एकादशीपासून. म्हातारी म्हणता, यंदा देवाची कृपा, अंगात लय ताकद इली!"

गोगट्यांच्या डोळ्यांपुढे मातोश्री उभ्या राहिल्या. चातुर्मासात घरात कांद्याचे नाव काढू न देणाऱ्या मातोश्री. त्याच दुधाचा श्रावणी सोमवारी महादेवाला अभिषेक झालेला. आता सगळ्या वाडीला प्रायश्चित्त, पहिले पंचगव्य आपल्याला, आणि घरी द्यायचे पत्र आपल्याच सहीचे! कागद त्यांनी टराटरा फाडला. दुसरा घेतला आणि लिहिले: 'पेंड, सरकी, गूळ. निर्दोष.'

कुशाबाला रडूच फुटले. दुकान वाचले होते.

"रावसाहेब, तुमी देवमाणूस! आजपासून जवळा बंद. आयशीची शप्पथ!"

"बंद?" गोगटे दचकले. "खबरदार! दूध पातळ झालं तर मातोश्री पहिल्या घोटाला ओळखतील आणि चौकशी करतील. माझ्यासारखी नव्हे, खरी चौकशी! कार्तिकी एकादशीपर्यंत कणभरही बदल करायचा नाही. सरकारी हुकूम समज."

हुकूम तो हुकूम. माळ्यावरचा जवळा संपला, मग अंबिकेच्या माहेरचा आला, तोही गेला. त्या वर्षी मुंबईत चातुर्मास खरा कडक पाळला तो कोळ्याच्या एका घराने. रोज ताटात पडवळ बघून एक दिवस कुशाबाने धीर केला.

"अगो, कालवण?"

"म्हशींना वाढलंय," अंबिका म्हणाली. "त्या उठल्या की बघू काय उरतंय ते."