इनास काकांचा मॉनिटर ठरत नव्हता

इनास काकांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते एका रिकाम्या खोक्यासमोर बसून गाडी चालवत होते.

खोटं नाही सांगत. आम्ही विरारला आगाशी रोडच्या बिल्डिंगमध्ये नवीनच राहायला आलो होतो. पिंकी सव्वा वर्षाची. हे सकाळी कामाला गेले की संध्याकाळपर्यंत मी आणि ती, दोघीच. आणि मला सगळ्याची भीती. गॅसची, दाराच्या बेलची, टाकीत पाणी चढवायच्या मोटरच्या आवाजाची. त्या दिवशी पिंकीला कडेवर घेऊन वाटीभर साखर मागायला समोरच्या दारात गेले. दार उघडंच होतं. आत एक साठीचा माणूस, लुंगी, बनियन, आणि पायात काळे बूट, लेस बांधलेले. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं, त्याला पुढून चौकोनी भोक कापलेलं, आणि हा माणूस त्या भोकाकडे टक लावून कीबोर्ड बडवतोय, मधेच सगळं अंग डावीकडे वाकवतोय, मधेच उजवीकडे. मी तशीच मागे पळाले आणि कडी लावून घेतली.

दहा मिनिटांनी बेल वाजली. मी फटीतून बघितलं तर तोच माणूस, हातात पातेली.

"बाय, रिकामी वाटी घेऊन पळालीस. साखर असेल नाहीतर तेल. मी साखर धरून चाललो."

मी दार तेवढंच धरून ठेवलं. मग त्यांनीच सांगितलं, "घाबरू नको. सतरा इंची मॉनिटर घ्यायचा की पंधरा, ते बघत होतो. पुठ्ठ्यासमोर आठ दिवस बसलं की मानेला कळतं, कुठला बरा."

तर हे इनास काका. मूळचे वटारचे, तिथे भावाची केळीची वाडी. तीस वर्षं मुंबईत एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, म्हणजे बोर्डावर कागद लावून नकाशे काढायचे. कंपनी बंद पडली तसे ह्या वयात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले आणि घरी बसून बिल्डर लोकांचे प्लॅन करून द्यायला लागले. बायको वारलेली. एकच मुलगी, सिलू, कुवेतला नर्स. जायच्या आधी तिने बापाला कॉम्प्युटरवर एक मोटारींच्या शर्यतीचा गेम शिकवला होता. दर रविवारी काका चर्चमधून, मिस्सावरून आले की तिचा फोन यायचा, आणि दोघं एकमेकांना सांगायचे, आठवड्यात एका फेरीला कमीत कमी किती वेळ लागला. काका एक मिनिट बेचाळीस. सिलू एक मिनिट चाळीस. दोन सेकंदांवरून अर्धा अर्धा तास भांडायचे.

बूट त्या गेमसाठी. मी विचारलं होतं एकदा. ते म्हणाले, "गाडी काय चपला घालून चालवतात?" नकाशाचं काम असलं की चपला, खेळ असला की बूट. तेच मॉनिटरचं. "काम पण झालं पाहिजे, खेळ पण झाला पाहिजे," असं दिवसातून चार वेळा तरी म्हणायचे. तेव्हा दोन जातींचे मॉनिटर मिळायचे, मागे मोठं पोट असलेला डबा आणि नवीन निघालेला चपटा. चपट्यावर नकाशाची रेघ कशी सुरीने कापल्यासारखी दिसते, पण गाडी जोरात पळाली की तिच्यामागे शेपूट दिसतं. डब्यावर गाडी झकास पळते, पण रेघ थरथरते आणि डोळ्याला पाणी येतं. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, पण मॉनिटरचं आजही कोणी विचारा, सांगेन.

पारखायची त्यांची रीत वेगळीच होती. पेन्सिल काढायची आणि पडद्यासमोर पंख्यासारखी भराभर हलवायची. डबा असला की एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली दिसतात. आमच्या घरी चहाला आले तरी आधी आमच्या टीव्हीसमोर पेन्सिल हलवायचे आणि मान हलवून म्हणायचे, "नाही बाय, ह्याच्यावर नकाशा नाही जमणार." जसं काही मी त्याच्यावर नकाशे काढणार होते. आणि बघताना कायम डावा डोळा मिटायचा. लहानपणी विटी लागली होती, तेव्हापासून त्या डोळ्याला धूसर. "एक डोळा बास," म्हणायचे. "रेघ सरळ आहे का बघायला दोन डोळे लागत नाहीत."

पण त्यांच्याकडे आधीचा मॉनिटर होता, चालत होता. मग नवीन कशाला? तर त्याचं कारण त्यांनी मला दाखवलं. एके दुपारी हाक मारली. "ये बाय, बघ. वरच्या कोपऱ्यात काळं पडलंय. दिसतं ना?"

मी बघितलं. गेम लावलेला होता. वर निळं आभाळ, खाली रस्ता. काळं काहीच नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं, लांबून बघितलं. पण समोर तीस वर्षं रेघा ओढलेला माणूस, आणि मी कॉम्प्युटर पहिल्यांदा बघणारी. नाही म्हटलं तर म्हणतील, हिला काय कळतंय.

"हो काका," मी म्हटलं. "आहे थोडं काळं."

"हुशार आहेस," ते म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं. मला हुशार कधी कोणी म्हणालंच नव्हतं.

मग मॉनिटर आणायचं सुरू झालं. स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर जोडून देणारा होता, त्याने घरी नेऊन बघायची सवलत दिली. पहिला डबा आणायला मी पण गेले, कारण धक्का लागू नये म्हणून त्याला गुंडाळायला पिंकीची गोधडी घेतली होती आणि गोधडीशिवाय पिंकी राहत नाही. येताना रिक्षात सीटवर मॉनिटर, गोधडी पांघरून, त्याला हाताने थोपटत काका, आणि कोपऱ्यात अंग चोरून मी आणि रडणारी पिंकी. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "आजी आजारी आहे काय?"

तीन दिवसांत तो परत गेला. वर काळं. मग चपटा आला. तो पण परत. दुकानदार बिचारा प्रत्येक वेळी डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "हां अंकल, पीस में थोडा है. दुसरा मंगवतो." त्याला गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. असे पाच मॉनिटर आमच्या जिन्यावरून वर गेले आणि खाली आले. आमचे हे म्हणाले, "मुलगी बघायला गेलेले लोक पण इतके नकार देत नाहीत."

काका माझ्याकडे तक्रार करायचे. "आजकालचा माल बघ बाय. जुन्याला नुसतं कोपऱ्यात होतं. ह्या नवीनला पार वरून पसरलंय. दिसतं ना?"

"हो काका."

किती वेळा म्हटलं असेन मी, हो काका.

त्यात त्यांचं खेळणं बिघडलं. एक मिनिट बेचाळीसचं एक पन्नास झालं, मग दोन मिनिटं. सिलू तिकडून चिडवायची, पपा, म्हातारे झालात. काका म्हणायचे, "मी नाही, मॉनिटर. चांगला मिळू दे, मग बघ." आणि फोन ठेवला की तसेच बसून राहायचे, बूट घालूनच.

एका बुधवारी सकाळी मी पिंकीला न्हाऊ घालून दारात उन्हाला घेऊन बसले होते. काका पाव घेऊन जिना चढून आले, थांबले, सवयीने डावा डोळा मिटला आणि पिंकीकडे वाकून बघितलं.

"बाय, किती काजळ फासलंयस पोरीला. सगळं कपाळ काळं."

मी पिंकीकडे बघितलं. काजळ अजून लावायचं होतं. कपाळ स्वच्छ, नुकतं पुसलेलं.

पाचही मॉनिटर डोळ्यांसमोरून गेले. त्यांनी नापास केलेला आमचा टीव्ही पण गेला. आणि तोंडातून काय निघालं, तर, "पुसते काका." पुसलं पण मी, ओल्या फडक्याने, नसलेलं काजळ. ते बघत उभे होते म्हणून.

चार दिवस मी कोणाला बोलले नाही. कसं सांगायचं? सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की मी पहिल्या दिवसापासून खोटं बोलतेय. रविवारी ह्यांची सुट्टी, तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं. हे तसेच उठून समोर गेले, मी मागोमाग. काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि खुर्चीत बसल्या बसल्या एक एक वस्तू बघितली. कॅलेंडर. भिंतीवरचा क्रूस. बायकोचा फोटो. मग पिंकी.

"सगळ्यांवर आहे," ते म्हणाले.

मुंबईला डॉक्टरकडे नेलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, खूप दिवसांचा. ऑपरेशन झालं. पण उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आला असतात तर. हे म्हणाले, आम्हाला कळलं नाही. मी बाकड्यावर पिंकीला धरून बसले होते. डॉक्टरांनी काकांना विचारलं, अहो, घरात बाकी कुठे दिसलं नाही का तुम्हाला हे काळं? काका म्हणाले, "मॉनिटर सोडून मी कशाकडे इतकं बघतच नव्हतो, डॉक्टर. बघण्यासारखं काय आहे घरात?"

आता डावा, विटी लागलेला. त्याने दार दिसतं, जिना दिसतो, माणूस आलंय एवढं दिसतं. रेघ दिसत नाही. नकाशे बंद झाले.

मी त्यांना जेवणाचा डबा द्यायला जायचे. एकदा धीर करून म्हटलं, "काका, मी खोटं बोलले म्हणून झालं हे."

ते जेवत होते. "तू हो म्हणालीस," ते म्हणाले, "म्हणून मला बरं वाटलं होतं. नाही म्हणाली असतीस तर मी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं, हो म्हणणाऱ्याला." मग भात कालवत म्हणाले, "सिलूला सांगायचं नाही. ऐकलं तर ती येईल, आणि आली की परत जाणार नाही. मी माझ्या आईसाठी असाच इथे अडकून राहिलो होतो. तिच्या वाट्याला नको ते."

पण रविवार आला की फोन यायचाच, आणि सिलू विचारायची, पपा, किती? काकांना वेळ खोटी सांगायला जमेना. डोळा लपवायचा, ते चालतं. पण, "खेळात खोटं नाही बाय. गाडी चालली पाहिजे आणि जी वेळ पडेल ती सांगायची."

म्हणून गाडी मी चालवायला लागले.

ज्या बाईला रस्ता ओलांडायला भीती वाटते ती. त्याच जुन्या मॉनिटरवर, ज्याला कधीच काही झालं नव्हतं. काका शेजारी खुर्ची घेऊन बसायचे, बूट घालून, लेस हाताने चाचपून बांधलेली. फोन कानाला. मी बटणं दाबायचे, ते पायाने जमिनीवर ब्रेक दाबायचे आणि आवाजावरून सांगायचे, "आता वळण येईल, सोड, सोड." पहिल्या रविवारी तीन मिनिटं दहा सेकंद. भिंतीवर आपटले, गवतात गेले, एकदा उलटीच निघाले. त्यांनी तेच फोनवर सांगितलं, तीन दहा. तिकडून काहीतरी विचारलं असेल. काका म्हणाले, "नवीन मॉनिटर आहे ना, हात बसायचाय. हा पण बहुतेक बदलणार." तेव्हापासून दर रविवारी नवीन मॉनिटर. काका रंगवून सांगायचे, एकोणीस इंची, डबा, चपटा. पुठ्ठ्याचं ते खोकं मागे भिंतीला टेकवलेलं असायचं.

सात-आठ रविवार असे गेले. मी दोन मिनिटं पस्तीसवर आले. मग एका रविवारी काका पाणी प्यायला आत गेले, फोन माझ्या हातात देऊन. मी नुसता धरून होते. फोनमधून सिलूचा आवाज आला, "वहिनी?"

मी फोन कानाला लावला.

"वहिनी, ऐका. मागून तुमचा आवाज येतो मला. गेली गेली, आई गं, भिंत. पहिल्या रविवारपासून ऐकतेय." मग म्हणाली, "मला पपांनी सांगितलं होतं, प्रत्येक मॉनिटरला वर काळं. प्रत्येक. आणि मी नर्स असून त्यांना काय सांगत होते, की दुसरा पीस मागा."

दुसरी पण एक हो म्हणणारी निघाली, एवढंच कळलं.

"मे महिन्यात येतेय मी. त्यांना सांगू नका मला माहितेय म्हणून. तोपर्यंत चालवा गाडी. आणि ब्रेक वळणाच्या आधी मारा, वळणात नको. वळणात मारता म्हणून आपटता."

फोन ठेवला तिने. काका भिंतीला हात लावत बाहेर आले, बसले.

"ठेवला? काय म्हणाली?"

पिंकी कशी आहे विचारलं, असं सांगता आलं असतं. तोंडात आलं पण होतं. पण काकांनी मान माझ्याकडे वळवली होती आणि डावा डोळा नेहमीसारखा मिटला होता, म्हणजे ज्या डोळ्याने काहीच दिसत नाही त्याने ते मला बघत होते, आणि मला ते हो काका, हो काका सगळं आठवलं.

"म्हणाली," मी म्हटलं, "वहिनी, ब्रेक वळणाच्या आधी मारा. वळणात नको."

खाली पिंकी काकांच्या बुटाची लेस ओढत बसली होती, ती सुटली. ते वाकले, चाचपून तिच्या हातातून लेस सोडवली, परत बांधली, गाठ ओढून बघितली.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "चल, पहिल्यापासून घे."