पारुबाईचा बिनब्रेकचा मोर्चा

"मला ढकलणारा माणूस अजून जन्माला यायचाय!" असं पारुबाई आडे चारचौघांत ठणकावून सांगायची, आणि ते अगदी खरं होतं. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले, पण जाताना त्या पायांनी आपली सगळी ताकद बाईच्या जिभेत ठेवली असावी! हातानं फिरवायची तीनचाकी, मागं लसणाचं पोतं, पुढं वाळल्या मिरच्या, अशी ही बाई तांड्यावरून निघायची ती थेट बाजाराच्या गावात. चढावर एखादा भला माणूस मागून हात लावायचा. लगेच बाईची मान वळायची.

"काहून रे? गाडी चोरून नेऊन राहिला का?"

भला माणूस तो हात खिशात घालून चालू लागायचा.

अशा बाईच्या वाट्याला नेमकं आलं आधार मित्रमंडळ! मंडळातली पोरं मनानं लोण्यासारखी, पण मदतीची त्यांना भारी घाई. कुणी दिव्यांग दिसला रे दिसला की त्याला उचलायचं, आणि कुठं न्यायचं ते वाटेत ठरवायचं. पाय गेलेल्या जळबाला त्यांनी एकदा डोळ्यांच्या शिबिरात नेलं. माणूस दाढी करायला निघाला होता, तो चष्मा लावून घरी आला! मंडळाचा अध्यक्ष स्वप्निल. त्याचं फवारणीचे पंप आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं दुकान होतं. आणि अंगणवाडीवाली सपनाताई चिटणीस. मंडळात विचार करायचं खातं तिच्याकडं होतं, पण तिचं कुणी ऐकत नसे.

आता मूळ दुखणं सांगतो. गावात एक सरकारी कचेरी होती. कोणती ते विचारू नका, सगळ्या कचेऱ्या एकमेकींच्या बहिणीच! तर त्या कचेरीत दिव्यांगांचं टेबल होतं वरच्या मजल्यावर. दिव्यांगांना मिळणारा महिन्याचा सरकारी पगार चालू ठेवायचा तर दरसाल तिथं जाऊन तोंड आणि पाय दोन्ही दाखवावे लागत. म्हणजे जिना चढून वर जायचं, आणि मला जिना चढता येत नाही असं साहेबांना सांगायचं!

गेल्या साली दोन शिपायांनी पारुबाईला सोयाबीनच्या पोत्यासारखं उचलून वर नेलं होतं. वर कारकून म्हणाला, "पुढच्या वेळी सोबत माणूस घेऊन या."

"मंग मी कोन हाव?" बाईनं विचारलं. त्यावर कारकुनानं पंख्याकडं बघितलं.

त्या दिवसापासून बाईनं मनाशी गाठ मारली होती. पगार बंद झाला तरी चालंल, पण पुन्हा कुणाच्या खांद्यावर चढून वर जायचं नाही! तारीख जवळ आली तसं मंडळ तिच्या दारात हजर झालं.

"मावशी, आमी खुर्चीत बसवून नेतो. चार पोरं चार बाजूनं!" स्वप्निल म्हणाला.

"मी काय गणपती हाव?"

"मंग पाठुंगळी?"

"मी काय लेकरू हाव?"

"मंग करायचं तरी काय?"

"ढकलायचं न्हाई, उचलायचं न्हाई. बाकी तुमाला काय करायचं ते करा!"

स्वप्निलचे डोळे चमकले. त्याचे डोळे चमकले की सपनाताई देवाचं नाव घ्यायची. भंगारातल्या एका बॅटरीवरच्या स्कूटरची मोटार त्याच्या दुकानात कधीची पडून होती. ती त्यानं तीनचाकीला बसवली, हँडलला वेगाची मूठ लावली, आणि जिन्याचं काय ते वाटेत ठरवायचं ठेवलं. वर हौसेनं एक भोंगा लावला. धंद्याला बरा म्हणून त्यात पारुबाईच्याच आवाजात आरोळी भरली: "आली आली, पारुबाई आली! लसूण घ्या, मिरची घ्या! बायांनो, बाहेर या!"

बाजाराच्या दिवशी गाडी नवरीसारखी सजवून दुकानासमोर उभी केली. पारुबाई चढून बसली. तोंडावर तिनं काही दाखवलं नाही, पण हात त्या नव्या मुठीवरून सारखा फिरत होता.

"मावशी, आता चढ असो, घाट असो, तुमाला कुनी थांबवू शकत न्हाई!" स्वप्निलनं छाती फुगवली.

सपनाताईनं वाकून चाकं बघितली. "स्वप्निल, ब्रेक कुठंय?"

"जुना काढला. नवा उद्या बसवतो ना! आज नुसती ट्रायल हाय."

"अरे, पन..."

पुढचं ऐकायला गाडी तिथं नव्हती! बाईनं मूठ पिळली होती, आणि पिळलेली मूठ तिथंच अडकून बसली होती. दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी गाडी सुटली. पहिल्याच खड्ड्यात लसणाचं पोतं उसवलं. दुसऱ्या खड्ड्यात भोंग्याच्या तारा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि आरोळीचं शेपूट तेवढं शिल्लक राहिलं.

"बाहेर या! बाहेर या! बाहेर या!"

गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. बघतात तर पारुबाई वाऱ्यासारखी चाललेली, आणि मागं लसणाचे गड्डे उड्या मारत येताहेत. "अगं बाई, लसूण सांडून राहिला!" म्हणत एकीनं ओटीत गड्डे भरले आणि ते परत द्यायला पळत सुटली. तिच्यामागं दुसरी. दुसरीमागं अख्खी गल्ली!

त्यांच्या मागून मंडळ धावत होतं. "थांबवा! थांबवा!" स्वप्निल घसा फोडून ओरडत होता.

पानटपरीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय थांबवायचं म्हंतेत?"

"अन्याय!" शेजारचा म्हणाला. "दुसरं काय थांबवतेत?"

"बराबर हाय!" म्हातारा उठला आणि धोतर सावरत सामील झाला. मग जीपची वाट बघणारे आले. जीप भरेना म्हणून जीपवाले आले. कटिंग अर्धी टाकून एक गिऱ्हाईक आलं, आणि त्याच्यामागं कात्री घेऊन न्हावी आला!

इकडं पारुबाई मुठीशी झुंजत होती. तिनं मूठ उलटी पिळून बघितली, बुक्क्या मारल्या, तांड्याच्या बोलीत मोटारीच्या सात पिढ्या उद्धारल्या. मोटार ऐकेना. चौकात आली तेव्हा समोर भरलेला बाजार होता, माणसं आणि लेकरं दाटीवाटीनं. डाव्या हाताला कचेरीचं उघडं फाटक होतं. बाईनं दात ओठ खाऊन हँडल डावीकडं ओढलं. गाडी दोन चाकांवर वळली, पण वळली!

वळताना तिची नजर मागं गेली. अख्खं गाव तिच्या मागं होतं, आणि एकाचाही हात गाडीला नव्हता! बाईची पाठ आपोआप ताठ झाली.

कचेरीच्या पहिल्या पायरीला गाडीनं धडक दिली आणि तिथंच नाक लावून ती घुर्र घुर्र करत राहिली. पायरी काही तिलाही चढता येईना. भोंगा मात्र चालूच होता.

"बाहेर या! बाहेर या!"

वरच्या मजल्याच्या खिडक्या पटापट उघडल्या. अंगणात माणसांचा समुद्र! दोन मिनिटांत साहेब जिना उतरून घाम पुसत बाहेर आले. इतक्या वर्षांत ते खालच्या पायरीवर उभे आहेत, असं दृश्य गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

"शांत व्हा! शांत व्हा! तुमची मागणी काय आहे?"

स्वप्निल धापा टाकत पुढं आला आणि त्यानं पहिल्यांदा मोटारीची आणि भोंग्याची तार उपटली. "साहेब, मागनी न्हाई... ते ब्रेक..."

"गप रे!" पारुबाई म्हणाली. तिनं विस्कटलेला पदर सावरला. "साहेब, खाली आलात ते झ्याक झालं. माझी तारीख आलीच हाय. हितंच बघून घ्या."

"असं कसं? ऑफिस वर आहे बाई."

"अन् पाय खाली हायेत साहेब."

गर्दीत कुणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात फाटकातून पोलीस जमादार आले. त्यांनी एकवार गर्दी बघितली, मग बायांच्या हातातले गड्डे बघितले.

"विनापरवाना मोर्चा! आणि हा लसूण कशाचं चिन्ह आहे?"

"भाजीचं!" एक बाई म्हणाली.

सपनाताईनं जमादारांना बाजूला घेऊन सगळं खरं खरं सांगितलं. जमादार भला माणूस होता. पारुबाईजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "मावशी, मोटार बिघडली एवढंच म्हणा. मी अपघात लिहितो. तुम्ही घरी, मी घरी. मोर्चा म्हटलं तर मात्र गुन्हा लागेल तुमच्यावर."

बाई घुटमळली. जिभेला हाड नसलं तरी पोलिसाचं भय तिलाही होतं. ठाण्याचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. "व्हय, अपघातच..." असं ती म्हणणार, तेवढ्यात तिची नजर साहेबांकडं गेली. अपघात हा शब्द कानावर पडल्याबरोबर साहेबांचा चेहरा खुलला होता, आणि त्यांचा एक पाय वरच्या पायरीवर गेला होता!

"मोर्चा!" पारुबाई कडाडली. "मोर्चाच हाय! मी आनला! लिवा माझं नाव, पारुबाई आडे!"

साहेबांचा पाय पुन्हा खाली आला.

"मावशी!" स्वप्निल रडकुंडीला आला.

"लिवा म्हनते ना! मागनी लिवा. आमचं टेबल खाली आना! ज्याला चढता येतं त्यानं उतरावं!"

"खाली आना!" लसूणवाल्या बाया गरजल्या. न्हाव्यानं कात्री उंचावली.

जमादारांनी कपाळाला हात लावला. "बरं, मग रीतसर जबाब द्यावा लागेल. साहेबांच्या समोर. चला, वर..."

आणि ते स्वतःच थांबले. त्यांनी पायऱ्यांकडं बघितलं, बाईकडं बघितलं.

"चढता येत न्हाई," पारुबाई गोड आवाजात म्हणाली. "उचलू मी देत न्हाई."

मग जमादार साहेबांच्या कानाशी लागले. गेल्या साली बाईला उचलणारे तेच दोन शिपाई आता टेबल उचलून जिना उतरू लागले, आणि पारुबाई खालून काळजीनं ओरडली, "हळू रे बाबांनो! टेबलाला लागंल!"

लिंबाच्या सावलीत साहेब बसले. जबाब झाला, समज दिली गेली. आणि त्याच बैठकीत बाईचे पाय बघून शिक्काही पडला. बातमी लागून जळबा आला, आणखी चार-दोन जण आले, त्यांचीही कामं झाली. कुणी कुणाच्या खांद्यावर चढलं नाही. मंडळाच्या पोरांना त्या दिवशी उचलायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी अंगणातला लसूण वेचला.

दुसऱ्या दिवशी टेबल मुकाट्यानं परत वर गेलं. व्यवस्था तात्पुरती होती, असं कचेरीतून सांगण्यात आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वप्निलनं दुकान उघडलं तर दारात तीनचाकी गाड्यांची रांग! पुढं पारुबाई, मागं जळबा, त्यामागं तो ओळखतही नव्हता अशी माणसं. कुणी जवळच्या गोरेगावकडून आलेलं, कुणी थेट सेनगावहून. स्वप्निलला मोठा पश्चात्ताप झालेला होता. तो हात जोडून पुढं झाला.

"माझी चूक झाली. सगळ्यांची माफी मागतो. मंडळातर्फे प्रत्येक गाडीला नवाकोरा ब्रेक फुकट बसवून देतो!"

जळबानं कचेरीच्या दिशेनं एकदा बघितलं आणि आपली गाडी पुढं घेतली.

"बसवू नको बाबा," तो म्हणाला. "हाय तो काढ."