तोंडी आदेश

आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत आग लागली की नाना आधी संकल्प सोडतात. थट्टा नाही करत मी. घरातून धूर निघतोय, बायका किंचाळतायत, माणसं बादल्या भरून उभी आहेत, आणि नाना खणखणीत आवाजात सुरू होतात, "वाराणसी क्षेत्रे, दुर्गाघाटे, आज पंचमी, मैं पथकप्रमुख विनायक, श्यामलाल वल्द रामलाल को आग बुझाने का आदेश देता हूँ!" मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. आदेश मिळाल्याशिवाय एकही पाऊल पुढे टाकायचं नाही. परवा माझ्या गॅसवर फडकं पेटलं. मी ते मोरीत टाकून विझवलंसुद्धा, तरी जिन्यात नानांचे आदेश चालूच!

नाना माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. एकटेच. धंदा याज्ञिकाचा, म्हणजे सकाळी अग्नी पेटवायचा आणि बोलावणं आलं की दुपारी विझवायचा. त्यांच्याशी बोलताना मान हलवून भागत नाही. "चहा घेणार?" विचारलं आणि तुम्ही मान हलवलीत, की "तोंडाने बोला, वहिनी." भाजीवाल्यालासुद्धा हेच. लोक हसतात. मी हसत नाही, कारण हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक आहे.

आमच्या गल्ल्यांत दमकलची, म्हणजे आगीच्या बंबाची, गाडी शिरत नाही. अहो, सांड आडवा बसला तर माणूस शिरत नाही! म्हणून दमकलच्या कचेरीने मोहल्ल्यातल्याच लोकांना आग विझवायला शिकवून तयार केलं. एक टोपी, एक शिट्टी, पगार शून्य. जिवाचं बरंवाईट झालं तर घरच्यांना भरपाई. पण नियम असा मेला, की पथकप्रमुखाने तोंडी किंवा लेखी आदेश दिला असेल तरच तो माणूस कामावर. नाहीतर तो आपखुशीने आगीत गेलेला नागरिक. त्याच्या मरणाशी सरकारचा संबंध नाही.

गोपी असा नागरिक ठरला. संकठा घाटाकडे फुलं विकायचा, नानांच्या पथकातला पहिला गडी. त्या दिवशी माझ्या घरी अनुष्ठान होतं, माझ्या मुलाला नोकरी लागावी म्हणून. नाना आसनावर, पूर्ण होईपर्यंत मौन. मागच्या गल्लीत साड्यांचं गोदाम पेटलं. गोपी धावत माझ्या दाराशी आला. "नाना, जाईं?" नाना डोळे मिटून बसलेले. गोपीने पुन्हा एकदा विचारलं आणि गेला. आत अडकलेल्या एका कारागिराला त्याने बाहेर काढलं, दुसऱ्यासाठी परत आत गेला, आणि छत कोसळलं.

त्याची बायको मुनिया दोन लेकरं घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली. शेवटी चौकशी लागली. साहेबाने नानांना विचारलं, "आदेश दिया था?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस. नाना म्हणाले, "दिया था. मौन तोड़के बोला, गोपी, जा."

साहेब माझ्याकडे वळला. अनुष्ठान माझं, दक्षिणा माझी, मुलगा अजून बेकार. मी म्हटलं, "हाँ साहब, चिल्लाए थे. सगळं अनुष्ठान पाण्यात गेलं हमारा!" मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. असल्या नियमापुढे खरं बोलायला मी काय हरिश्चंद्राची नात आहे?

भरपाई मंजूर झाली. आणि मौन मोडणारा याज्ञिक म्हणून नानांची यजमानांकडची चार मोठी घरं तुटली. ते नानांनी हसून सोडून दिलं.

मग एका दुपारी मी वर नानांकडे गेले असताना मुनिया जिना चढून आली. पाया पडायला आली असेल, असं मला वाटलं. ती दारातच उभी राहिली. "आप ही भेजे थे उनको?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नानांनी हात आडवा केला. खरं सांगितलं आणि ते फुटलं, तर दिलेलं सगळं परत काढून घेतील. लेकरांची शाळा त्यावरच चाललेली.

"हाँ," नाना म्हणाले. "हम ही भेजे थे."

ती खाली गेली. आता नाना समोरून आले की ती पोरांचे हात धरून वळते. तीच पोरं, जी नानांच्या मांडीवर बसून प्रसादाचे पेढे खायची. माझा जीव तुटतो हो.

काल मी चिडूनच म्हटलं, "किती दिवस हे असं? मी सांगते तिला. तुमच्या तोंडून शब्दही गेला नव्हता. तुमची समाधी लागली होती, तुम्हाला काही ऐकूच आलं नाही!"

नाना उठून भोसले घाटाकडच्या खिडकीशी गेले.

"ऐकू आलं होतं, वहिनी. दोनदा विचारलं त्याने. तो दिसल्यावर मी डोळे मिटून घेतले."