आडव्या तलवारींचं बटण

शालिकनाना बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. ते शर्टाकडे बघत. वरच्या बटणापासून खालच्या बटणापर्यंत नजर एकदा सावकाश उतरली की मग चौकशी व्हायची, "काय सर, बरं शे ना?" माझ्या शर्टाचं तिसरं बटण निराळं आहे हे धुळ्यातल्या साऱ्या देवपुरात दोघांनाच ठाऊक होतं. एक नाना आणि दुसरी माझी बायको. दोघांपैकी शरम फक्त नानांना वाटत असे.

ते आमच्या गल्लीत समोरच राहत. नोकरी सगळी टेलिफोन खात्यात गेली. जमिनीखाली केबल कुठं तुटली ते हुडकायचं काम. निवृत्त झाले, पण जमिनीखाली काय आहे ही खाज काही निवृत्त झाली नाही. मग त्यांनी घरीच एक यंत्र बनवलं. हातभर उंचीची लाकडी मूठ, तिला जोडलेला बांबू, बांबूच्या तळाशी लाकडी कड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे आणि वर काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला एक छोटा ट्रान्झिस्टर. खाली धातू आला की ट्रान्झिस्टर कुंई करून केकाटायचा. धातू नसला की बाजारभाव सांगायचा. उन्हाळ्यात पांझरा आटली की सकाळी सकाळी नाना पात्रात उतरत, आणि पुलावरून सायकलनं जाणाऱ्यांना नदीतून भुईमुगाचे भाव ऐकू येत.

पहिल्या उन्हाळ्यात लोकांना वाटलं, म्हातारा सोनं शोधतोय. चार-पाच रिकामटेकडे त्यांच्या मागे मागे फिरले. आठ दिवसांत नानांना सापडली ती फक्त बटणं, तेव्हा मंडळी पांगली. बटणं निघणारच होती. त्या काठावर धोब्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धुळेकरांचे कपडे दगडावर आपटले होते. हवालदार, पोस्टमन, रेल्वेचे हमाल, कचेरीतले पट्टेवाले, सगळ्यांच्या डगल्यांची पितळी बटणं तिथं वाळूत झोपलेली होती. नाना त्यांना उठवत.

खरं वेड होतं ते पुढचं, साफसफाईचं. पहिलं बटण त्यांनी घरच्या तांब्या-भांड्यासारखं चिंचेनं घासलं. त्यावरचा सोनेरी मुलामा पाच मिनिटांत चिंचेबरोबर मोरीत वाहून गेला. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी चिंच आमटीतसुद्धा घातली नाही. आता रीत ठरलेली होती. आधी बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, त्यात आठवडाभर मुक्काम. मग एरंडेलात तीन आठवडे. मग लहान मुलाच्या दात घासायच्या ब्रशनं हलकेच झाडायचं, कोपऱ्यात अडकलेलं बाभळीच्या काट्यानं काढायचं आणि शेवटी मेणाचा हात फिरवायचा. मी एकदा म्हणालो, "नाना, जरा जोरात घासा की." त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या तिसऱ्या बटणाकडे, दयेनं पाहिलं. "घाई नका करा, सर. माटी आपलीआप सोडस."

त्यांच्या घरी चहा कपातच प्यावा लागे, कारण बशा सगळ्या बटणांनी अडकलेल्या. "हवालदार परवा बाहेर काढस. पोस्टमन आजून तेलमा शे," असं ते सहज सांगत. नवा पाहुणा घाबरून उठायचा.

बटण चकाकलं की नाना त्याचा धनी शोधायला निघत. धनी सापडला तर त्याच्या हातात बटण ठेवून परत येत, स्वतःकडे काही ठेवत नसत. एका पेन्शनर हवालदाराला त्यांनी असंच त्याचं बटण नेऊन दिलं. तो बिचारा तीन रात्री झोपला नाही. सरकारी वस्तू हरवल्याची चौकशी इतक्या वर्षांनी निघाली अशी त्याची समजूत.

आता सुमनचं सांगतो. सुमन नानांची एकुलती एक मुलगी, अमळनेरला दिलेली. बायको ती लहान असतानाच गेली, तेव्हा मुलीच्या वेण्यासुद्धा नानांनीच घातल्या. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सुमन लग्नानंतर दोन आखाज्यांना आली आणि मग चार वर्षं आलीच नाही. दर आखाजीला नाना अंगणातल्या निंबाला झोका बांधत आणि संध्याकाळी सोडून ठेवत. गल्लीत सगळ्यांना कारण माहीत होतं. जावई शाळेच्या कमिटीवर, मोठा माणूस. सासरा नदीत भंगार वेचतो याची त्याला लाज वाटते, म्हणून तो बायकोला पाठवत नाही. नानाही असंच धरून चालले होते. "त्यांना मान शे ना गावमा," म्हणत आणि बशीतल्या पोस्टमनकडे वळत.

अशात ते बटण सापडलं. मी तेव्हा आमच्या इतिहासप्रेमी मंडळाचा सहचिटणीस होतो. मंडळाचं काम म्हणजे धुळ्यात काहीतरी मोठं घडून गेलेलं आहे हे सिद्ध करणं. पुरावा तेवढा मिळत नव्हता. एके दिवशी नानांच्या बशीत मला एक जाडजूड बटण दिसलं. हिरव्या किटणाखाली दोन रेघा एकमेकींना आडव्या गेलेल्या. मी पळत जाऊन आमच्या अध्यक्षांना, अण्णासाहेब वकिलांना, घेऊन आलो. अण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, बशी उजेडात धरली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तलवारी."

पुढच्या रविवारपर्यंत त्यांचा निबंध तयार होता. पांझरेकाठची एक विसरलेली लढाई, बारा पानं. कोण कोणाशी लढलं ते नवव्या पानापर्यंत समजत नव्हतं आणि त्यानंतरही नीटसं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी प्रदर्शन ठरलं. पत्रिका छापल्या. त्यावर ठळक अक्षरांत "संशोधक : श्री. शालिकनाना" असं होतं.

नानांनी ती पत्रिका अमळनेरला पाठवली. आठ दिवसांत जावयाचं कार्ड आलं : यंदा सुमनला घेऊन नक्की येतो. नानांनी ते कार्ड मला दाखवलं, माझ्या बायकोला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. झोक्यासाठी नवा दोर आणला. मुलगी येणार होती ती या बटणाच्या जोरावर, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एकच अडचण होती. बटण अजून तेलात होतं, आणि नाना ते रोज थोडं थोडं साफ करत होते. एका सकाळी मी पाहिलं तर तलवारीच्या टोकाला काहीतरी फुगीर दिसायला लागलं होतं. कर्ण्यासारखं.

"नाना, इतकं पुरे," मी म्हणालो. "राहू द्या थोडी माती. इतिहास असाच शोभतो."

"आजून आठ दिवस लागतीन."

"आठ दिवसांनी तलवारी राहतील का?"

नानांनी काटा खाली ठेवला. त्यांनाही दिसलं होतं. कदाचित माझ्या आधीच. "सर, माटीखाले जे शे ना, त्याले कोनी तरी धनी शे," ते म्हणाले. "ज्यानं शे त्याले नको मिळाले?"

"आणि सुमन? ती यायला नको?"

नानांनी बशी उचलून कोनाड्यात ठेवली. मी जे बोललो ते बोलायला नको होतं, हे मला तेव्हाच कळलं. पण मी सहचिटणीस होतो. मी आणखी दोनदा बोललो.

आठव्या दिवशी नाना स्वतःच बशी घेऊन माझ्या दारात आले. बटण झगझगत होतं. तलवारी नव्हत्या. एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन क्लॅरोनेट होत्या, आणि खाली गोलाकार अक्षरं : ब्रास बँड, धुळे.

"जावईबापूले कार्ड टाकी दिधं," नाना म्हणाले. "प्रदर्शन नही म्हणीसन."

अण्णासाहेबांनी हार मानली नाही. पलटणीलाही बँड असतोच, असं त्यांनी एक दिवस लढवून पाहिलं. शेवटी प्रदर्शन झालंच, एका गंजलेल्या कडीवर. ती हत्तीच्या साखळीची होती असं ठरलं. आणि प्रदर्शन संपेपर्यंत नानांना कडीपासून दहा हातांच्या आत फिरकू द्यायचं नाही असा ठराव झाला. सूचक मी होतो.

मला वाटलं, जरा तरी भरपाई करावी. म्हणून त्याच संध्याकाळी बटणाचा धनी शोधायला मी नानांबरोबर गेलो. पुलापलीकडे उस्मानचाचा राहत. बँड त्यांच्या वडिलांनी काढलेला. आता दात गेले आणि क्लॅरोनेटही सुटली होती. त्यांनी बटण बोटांत फिरवलं आणि हसले. "ये तो अपना है, नाना. निळ्या वर्दीचं. दोनच सीझन घातली, मग लाल शिवली." मग थांबून म्हणाले, "तुमच्या सुमनच्या लग्नात हीच होती. याद है? पाठवणीच्या टाइमाला तुम्ही धावत आले. हात जोडले. बोले, उस्मानभाई, ते रडायचं गाणं नका वाजवू. काहीबी दुसरं वाजवा."

मला ती पाठवणी आठवली. मुलगी गाडीत बसून रडते आहे आणि बँड वरातीतलं नाचायचं गाणं वाजवतोय. आम्ही गल्लीत महिनाभर हसलो होतो. बँडवाल्यांनी घेतलेली होती, ही बातमी मीच पसरवली होती.

उस्मानचाचांनी बटण नानांच्या पुढ्यात सरकवलं. "रखो. आता आमच्याकडे वर्दी कुठं?" कोणाचं बटण कधी न ठेवणाऱ्या नानांनी ते मुकाट्यानं खिशात टाकलं.

आखाजीच्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. "सुमनले मूळ लावाले जाई राहिनू. येतस का?" मुलीला आणायला बापानं स्वतः जायचं, ही आमची रीत. चार वर्षं जावयाच्या भीतीनं ते गेले नव्हते. मी चपला घातल्या. अमळनेरच्या एस.टी.त ते सारखे खिसा चाचपत होते.

दार सुमननंच उघडलं. पाणी आणलं. नानांनी तांब्या बाजूला ठेवला आणि बटण तिच्या हातावर ठेवलं.

"कोणाचं हे?"

"उस्मानभाईना बँडनं. तुन्हा लगीनमा होतं, ती वर्दीनं."

सुमननं बटण उलटसुलट करून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी गाडीत बसत होते आणि ते नाचायचं गाणं वाजवत होते."

"मीच सांगेल होतं."

"माहीत आहे. चार वर्षांपूर्वी आत्यानं सांगितलं. तुझ्या बापानंच हात जोडून वाजवायला लावलं म्हणाली." तिनं बटण मुठीत मिटलं. "मला वाटलं, तुम्ही सुटलात एकदाचे. माझ्या वेण्या घालून घालून कंटाळले होतात, म्हणून."

नानांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "ते रडानं गाणं वाजतं ना बेटा, ते मी तुले जाऊच नही देतु. गाडीना पुढे आडवा पडी जातु."

तेवढ्यात आतून जावई आले. साधा, घाबरट माणूस. आमच्या गल्लीनं रंगवलेला मोठा माणूस तो हाच का, ते मला समजेना. "मी कधी अडवलं नाही हो," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "दर वर्षी म्हणायचो, जा. हीच म्हणायची, यंदा नको. या वेळी पत्रिका दाखवून कशीबशी तयार केली होती."

सुमन डोळ्याला पदर लावून आत गेली. जावयांनी स्वतः चहा ठेवला. नाना चहाचा कप हातात धरून मोठ्यानं रडत होते, सहा वर्षांपूर्वी रडायचं राहून गेलेलं सगळं रडत होते, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो. आत सुमन पिशवी भरत होती. दुपारची एस.टी. दीडला होती.