आप्पांच्या लॅपटॉपचा माठ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले आहिरे आप्पा कोणाला नमस्कार करत नाहीत. ते कपाळाला उलटा हात लावून बघतात. आम्ही अशोकनगरच्या या सोसायटीत राहायला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून कपाट उतरवत होतो. एक उंच, सडपातळ म्हातारा जिना उतरून आला. त्याने हाताची पाठ आधी माझ्या कपाळाला टेकवली, मग टेम्पोच्या बॉनेटला टेकवली आणि म्हणाला, "माणूस ठीक शे. टेम्पोला पाणी दाखवा." टेम्पोवाला हसला. तासाभराने त्याचा फोन आला, गाडी त्र्यंबक रोडला वाफ सोडत उभी होती.

आप्पा मूळचे नामपूरचे. तोंडात अहिराणी इतकी मुरलेली, की 'आहे' म्हणायला गेले तरी 'शे' बाहेर पडतं. सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, तीही कूलिंग विभागात, म्हणजे तापलेलं पाणी गार करून परत आत पाठवायचं. लोकांना वाटतं वीज कोळशावर तयार होते. आप्पांसमोर असं कोणी म्हटलं की त्याचा पुढचा अर्धा तास गेलाच. "कोळसा काय, कोणीही पेटवतं," ते म्हणतात. "जाळणं सोपं शे, गार करणं अवघड."

हे वाक्य त्यांना कुठेही चालतं. लग्नाच्या मांडवात, मिसळीच्या टपरीवर, टीव्हीवरची चर्चा बघताना. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले. आप्पा उठून घरी गेले, ताकाचे दोन पेले घेऊन आले, दोघांच्या हातात दिले आणि हे वाक्य म्हणाले. भांडण तिथेच थांबलं. आता ते ताक इतकं आंबट होतं की दोघांना तोंड उघडता येईना, हा भाग वेगळा.

तर अशा माणसाच्या घरी एक गेमिंग लॅपटॉप आहे. चांगला पाटाएवढा, की-बोर्डखाली लाल-निळे दिवे लागणारा. तो त्यांच्या मुलीचा, सोनलचा. नोकरीसाठी जर्मनीला जाताना तिने तो वडिलांकडे ठेवला, कारण तिला तिकडे नवा मिळणार होता. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. सोनल पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दहा दिवस राहिली आणि परत गेली. मग बापलेकीचे फोन सुरू झाले. "जेवलात का? गोळ्या घेतल्या का? बरं, ठेवते." माझ्या विमा कंपनीतून ग्राहकांना जे फोन जातात, त्यांत याहून जास्त जिव्हाळा असतो.

मग सोनलनेच शक्कल काढली. एक गेम आहे, बेटावर शेती करायची, घर बांधायचं, दोघांनी दोन देशांतून एकाच बेटावर उतरायचं आणि खेळता खेळता बोलायचं. आप्पांनी पहिल्याच रविवारी बेटावर पाट काढून पाणी फिरवलं. बी कसलंही असो, ते त्याला कांदाच म्हणतात.

पण वीस मिनिटं झाली की लॅपटॉप विमानासारखा घरघरायचा आणि पटकन बंद पडायचा. कॉलेज रोडच्या एका दुकानातल्या इंजिनिअरने पंखा साफ केला, रॅम वाढवली, आणि शेवटी नवीन घ्या म्हणाला. आप्पा तणतणत माझ्याकडे आले. "राम वाढवला, तरी ताप जाईना. आणि नवीन घ्या हे काय उत्तर शे का? माणूस तापला तर नवीन आणतात का?"

मी म्हटलं, "आप्पा, मग फोनवर बोला की निवांत."

ते खुर्चीत बसले. थोडा वेळ माझ्या फ्रीजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, फोनवर विचारलं की माणूस 'काही नाही' म्हणतं. हात गुंतलेले असले म्हणजे आपोआप बोलतं. तिची माय भाकरी थापताना बोलायची, एरवी नाही. पोरगी तशीच शे. मोकळी व्हायला तिला अर्धा तास लागतो. मशीन वीस मिनिटांत तापतं. मागच्या रविवारी जरा जास्त चाललं, तर ती म्हणाली, 'आप्पा, आईना येळले मी...' आईच्या वेळेला ती, एवढंच, आणि पडदा काळा. लगेच फोन लावला. 'काही नाही,' म्हणाली. तिचं अर्धं वाक्य माझ्याकडे पडून शे."

 

दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी कूलिंग विभाग पुन्हा उघडला. सातपूरच्या एका फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याची नळी आणली, ठोकून चपटी केली. माशांच्या टाकीचा पंप आणला. लॅपटॉपचं खालचं झाकण काढून तो पाटावर विटांचे तुकडे लावून जरा उचलून ठेवला. आतल्या गरम भागावर, उष्णता नळीकडे ओढली जावी म्हणून, पेस्ट लावली. ती लावताना मला बोलावून म्हणाले, "बघा, फुलक्याला तूप लावतात तेवढीच. पुरणपोळीवर ओततात तशी नाही." नळी बसली. आता नळीतून फिरणारं गरम पाणी गार कुठे करायचं?

मी बर्फ सुचवला. आप्पांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "बर्फाने नळीला घाम येतो भाऊ, आणि त्या घामाने मशीन मरतं. गार करायचं, थंडगार नाही. आपल्याकडे कूलिंग टॉवर घरोघरी शे, लोकांना दिसत नाही."

त्यांचा कूलिंग टॉवर म्हणजे माठ. खिडकीजवळच्या तिवईवर, पिण्याच्या माठाशेजारी, नवा कोरा माठ, त्यात गॅरेजमधून आणलेलं बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, त्यात बुडालेला पंप, आणि माठातून लॅपटॉपकडे जाणारी एक नळी, परत येणारी दुसरी. आठवडाभर लॅपटॉप न लावता नुसतं पाणी फिरवलं, खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरून. थेंब पडला असता तर कागदाने चहाडी केली असती. एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि तहान लागली म्हणून त्या माठातलं पेलाभर पाणी प्यायलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "ते लॅपटॉपचं शे." मग माठाला चिठ्ठी लागली: 'पिण्याचे नाही. मशीनचे.' माझं पोट उत्तम राहिलं, पण बायकोने दोन दिवस मला बॅटरी म्हणून हाक मारली.

आठवडा संपला त्या रविवारी दुपारी चार वाजता उद्घाटन होतं. मला आमंत्रण होतं. सकाळी माझी बायको सुनंदा त्यांच्याकडे भाजीचा डबा देऊन आली होती.

सोनल बेटावर आली. हेडफोनने कान तापतात म्हणून आप्पा आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "आप्पा, ते कुंपण लावा. आप्पा, इकडं नको, मी लाकडं रचून राहिले." वीस मिनिटं गेली. अर्धा तास गेला. लॅपटॉप मांजरासारखा गप्प. आप्पांचा उजवा हात माऊसवर आणि डावा परतीच्या नळीवर, नाडी बघावी तसा. 

चाळीस मिनिटांनी सोनलचा आवाज बदलला. "आप्पा, आईना येळले मी..."

आणि आप्पांचा डावा हात ताठ झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवले: पाणी थांबलं.

मी माठात हात घातला. पंपाला वाळा गुंडाळलेला होता. वाळा! एकट्या माणसाच्या माठात वाळाही कोणी घालत नाही, या कळवळ्याने सुनंदाने सकाळी चांगली जाडजूड जुडी सोडली होती. शेजारचा पिण्याचा समजून ती यात सोडून आली, चिठ्ठीकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं. मुळांचे तंतू पंपात असे अडकले होते की ओढले तर पंपच हातात यायचा. पंखा घरघरायला लागला.

आप्पांनी खुर्ची सोडली नाही. एका हाताने त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं, मग तांब्या ओतल्याची खूण केली. एवढं मला पुरलं. मी नरसाळं आणलं, पंपाची नळी काढून तिच्या तोंडात ते खोचलं, स्टुलावर चढलो आणि तांब्याने पाणी ओतायला लागलो. परतीची नळी बादलीत सोडली. बादली भरली की माठात, माठातून तांब्या, तांब्यातून नरसाळं. एकलहऱ्याचा सगळा कूलिंग विभाग त्या दुपारी मी एकटा चालवत होतो. हळूहळू घरघर उतरली.

"मनाजोडे तिकीट व्हतं," सोनल म्हणाली.

पुढचं ती भराभर अहिराणीत बोलली. सगळे शब्द मला कळले नाहीत, अर्थ कळला. तिच्याकडे तिकीट होतं, काकू आजारी असताना काढलेलं. ऑफिसात काम निघालं म्हणून ते आठ दिवस पुढे ढकललं. त्या आठ दिवसांतच काकू गेल्या. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. बोलत होती तरी पडद्यावर तिची ती छोटी बाहुली एकसारखी लाकडं रचत होती.

 आप्पांची बाहुली विहिरीजवळ नुसती उभी होती. माझे हात भरून आले होते, पण तांब्या थांबवायची हिंमत नव्हती.

"माय," आप्पा म्हणाले, "तुले 'बरी शे' कोन सांगं? मीच ना?"

बेटावर तिची बाहुली लाकडं रचायची थांबली.

"तिना कपाळवर हात व्हता मना. ताप व्हता. तुले गार शे सांगं." त्यांनी माऊस सोडला. "तू नोकरी सोडी पळत येशी, म्हणून."

साऱ्या सोसायटीची कपाळं बघणाऱ्या माणसाने जन्मात एकदाच ताप लपवला होता, काकूंचा, आणि ते वाक्य दोन वर्षं त्यांच्याकडेही अर्धंच पडून होतं. सोनल रडायला लागली. आप्पा रडले. मी स्टुलावर तांब्या घेऊन रडलो, आणि नरसाळ्यात नेमकं ओतत राहिलो. त्या दोघांनी एकमेकांना काही समजावलं नाही. बऱ्याच वेळाने सोनल नाक ओढत म्हणाली, "आप्पा, कांद्यांना पाणी घाला ना. सुकी चालले." आप्पांनी घातलं. अंधार पडायच्या जरा आधी तीच म्हणाली, "दिवाळीले येस मी," आणि गेली. लॅपटॉप बंद पडला नव्हता. आप्पांनी तो स्वतः बंद केला.

मी स्टुलावरून उतरलो. आप्पांनी सवयीने माझ्या कपाळाला उलटा हात लावला.  "ठीक शे," ते म्हणाले, "चांगली ड्यूटी केली."

इतक्या वर्षांत त्यांच्या कपाळाला कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी लावला. ते लहान मुलासारखे डोळे मिटून उभे राहिले.

"काय शे?" त्यांनी विचारलं.

त्या घरात आता खोटं सांगून चालणार नव्हतं. "जरा गरम आहे, आप्पा," मी म्हटलं. "आज एकटं झोपायचं नाही. आमच्याकडे चला."

आप्पांनी होकाराची मान डोलावली, माठातून वाळ्याची जुडी काढली, नीट पिळली, आणि दाराला कुलूप लावण्याआधी शेजारच्या पिण्याच्या माठात सोडली.