फुगलेला सांधा

"बोर्डाचा सांधा दिसला ना, तर नाव बदला माझं!" जावईबापूंनी फोनवर छातीठोकपणे सांगितलं.

पलीकडे सासरे. उभी हयात भिंती गुळगुळीत करण्यात घालवलेला माणूस! ते म्हणाले, "संध्याकाळी बघायला येतो. दिसला, तर पंधरा दिवस मुक्कामाला राहून सगळं मीच पुन्हा करणार." पंधरा दिवस! सासरे पहाटे पाचला उठतात आणि घरादाराला उठवतात!

बाहेरच्या खोलीत भिंतीला जिप्समचे दोन बोर्ड शेजारी शेजारी ठोकले होते. मधल्या फटीवर जावईबापूंनी कागदी पट्टी चिकटवली, वर पुट्टीचा लेप दिला. दुपारी बघतात तर मधोमध हे एवढं टेंगूळ! लगेच दुकानदाराला फोन.

"अहो, सांधा फुगलाय! पट्टी लावली, लेप दिला, तरी बसत नाही! घासू का?"

उघड्या दारातून शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि त्या गरम पाण्याची पिशवी घेऊन धावतच आल्या. "घासू नका हो! शेका! आमच्या ह्यांचाही असाच फुगला होता. तीन दिवस शेकला, बसला!"

"काकांनी घरच्या घरी केलं?"

"मग! पडल्या पडल्या!"

उताणं पडून केला म्हणजे छताचा सांधा असणार, जावईबापूंनी ताडलं आणि पिशवी भिंतीवर दाबून धरली. पाच मिनिटांत अख्खी पट्टी सोलून हातात!

"अगंबाई, मला वाटलं गुडघा!" म्हणत काकूंनी काढता पाय घेतला.

बायकोने शांतपणे विचारलं, "बाबांची गादी काढून ठेवू?"

झालं! जावईबापू इरेला पेटले. फट खरवडली, झटपट सुकणारी पुट्टी आणली, नवी पट्टी तिच्यात नीट दाबून बसवली. वर पातळ पातळ हात दिले, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. मग हलकेच पॉलिश पेपर मारला. नाकातोंडात धूळ, पण भिंत कशी लोण्यासारखी!

सासरे आले. त्यांनी भिंतीलगत तिरका टॉर्च मारला, डोळे मिटून तळहात फिरवला.

"सांधा कुठाय?"

"शोधा!"

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा शोधला. मग टॉर्च खाली ठेवला. "नाही सापडत! चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही, जावईबापू!" असं म्हणून त्यांनी कडकडून मिठी मारली. जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायको तर हरखूनच गेली.

"असा हात वाया जाऊ द्यायचा नाही!" सासरे डोळे पुसत म्हणाले. "मी राहतोच पंधरा दिवस. तुम्हाला छत शिकवतो!"

त्यांची बॅग खाली गाडीत तयारच होती. जावईबापूंनी ती स्वतः उचलून वर आणली, आणि खोटं कशाला सांगा, छाती फुगवून आणली!